कॅमशाफ्ट बदलल्यानंतर पिकअपच्या इंजिनाचे टायमिंग कसे तपासावे

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलल्यावर डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक स्पार्क प्लगला ठरलेल्या वेळी वीज पोहोचवणारा भाग) असलेले इंजिन सुरू होत नसेल किंवा कार्ब्युरेटरमधून भडका मारत असेल, तर वारंवार स्टार्टर मारू नये. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बॅटरीची तार व स्पार्क प्लग काढून क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) पान्याने इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवावा आणि अडकल्यास जोर लावू नये. क्रँकशाफ्टच्या २ फेऱ्यांत कॅमशाफ्टची १ फेरी होते, म्हणून केवळ क्रँकशाफ्टच्या पुलीवरची टायमिंगची खूण जुळणे पुरेसे नाही; ती दर फेरीला जुळते. ती जुळत येताना पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून हवेचा दाब जाणवतो का, हे पाहावेच. दाब जाणवूनही रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा भाग) पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या तारेच्या नेमका विरुद्ध बाजूस असेल, तर डिस्ट्रिब्युटर १८० अंशांनी चुकला आहे. तो बरोबर असून सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) कमी असेल, तर आधी व्हॉल्व्ह फार घट्ट (पूर्ण बंद न होण्याइतके) तर नाहीत ना, हे पाहावे आणि मगच कव्हर उघडून टायमिंग चेनच्या (क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट जोडणाऱ्या साखळीच्या) खुणा तपासाव्यात.