घरचा आकाशकंदील वाकडा, सैल, डागाळलेला होतोय? या चुका टाळा

कंदील बिघडला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आपला हातच कलेचा नाही." हाताचा यात फारसा संबंध नसतो. निम्म्याहून जास्त कंदील कागद लागण्याआधीच, काड्या कापताना बिघडलेले असतात. उरलेले बिघडतात ते घाईमुळे. वसुबारसेच्या आदल्या रात्री, एकीकडे कढईत चकल्या आणि दुसरीकडे जमिनीवर पतंगी कागद, अशा घरात चांगला कंदील होणं कठीणच.

म्हणून आधी वेळेचं बोलू. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीसेक दिवस मिळतात. सांगाडा नवरात्रात बांधून ठेवावा, कागद कोजागिरीनंतर लावावा. मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याच्या आगेमागे हवा दमट असते, दुपारी गडगडून एखादी सर येते आणि कागद चिकटवायची खळ सुकता सुकत नाही. सांगाड्याला मात्र या दिवसांचा काही त्रास नाही. फराळ सुरू झाल्यावर कागदाला हात लावूच नये. तेलकट बोट पतंगी कागदाला लागलं की दिवसा काही दिसत नाही, पण संध्याकाळी दिवा लावला की तेवढाच ठिपका उजळ चमकतो आणि तो डाग निघत नाही.

चूक: सगळ्या काड्या एकाच मापाच्या कापणं

पारंपरिक कंदिलाची रीत सोपी आहे. काड्यांचे चौकोन करायचे, ते कोपऱ्यावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा बांधत गोल पूर्ण करायचा, मग वरची टोकं एकमेकांना काड्यांनी जोडायची आणि खालचीही. चार चौकोनांचा कंदील असेल तर १६ काड्या चौकोनांच्या, ४ वरच्या, ४ खालच्या, एकूण २४, आणि सगळ्या एकाच लांबीच्या. इथवर काही बिघडत नाही.

बिघडतं ते कुणीतरी "यंदा सहा चौकोनांचा मोठा करू" म्हणतं तेव्हा. काड्या मागच्या वर्षीसारख्याच समान कापल्या जातात, चौकोन छान बांधले जातात, आणि वरच्या काड्या जोडायला घेतल्या की त्या पुरत नाहीत. मग ओढून बांधलं जातं. चौकोन मधल्या आडव्या रेषेवर वाकतात, आणि "बाबा, हा वाकडाच का होतोय?" हा प्रश्न येतो. उत्तर भूमितीत आहे. सहा चौकोनांच्या कंदिलात वरच्या-खालच्या जोडकाड्या चौकोनाच्या बाजूच्या सुमारे १.२२ पट लागतात, आठ चौकोनांच्या कंदिलात सुमारे १.३१ पट. म्हणजे चौकोनाची बाजू २० सेंटिमीटर असेल तर सहाच्या कंदिलाला जोडकाडी २४.५ सेंटिमीटर आणि आठच्या कंदिलाला २६ सेंटिमीटर हवी. हे आकडे काड्या कापायच्या आधीच पाठकोऱ्या कागदावर लिहून भिंतीला लावावेत.

आकाराचा अंदाजही इथेच चुकतो. २० सेंटिमीटर काडी छोटी वाटते, पण सहा चौकोनांचा कंदील त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेछप्पन्न सेंटिमीटर रुंद होतो. फ्लॅटच्या बाल्कनीत तो ग्रिलला घासतो. १५ सेंटिमीटरची बाजू धरली तर रुंदी ४२ सेंटिमीटरच्या आसपास येते, तेवढा पुष्कळ झाला.

आणि माप कुठून कुठपर्यंत घ्यायचं? गाठीपासून गाठीपर्यंत. २० ची बाजू हवी तर काडी २२ ची कापा, दोन्ही टोकांपासून एक-एक सेंटिमीटरवर हलकी खाच पाडा आणि गाठ त्या खाचेतच बसवा. टोकं मोजून बांधणाऱ्यांचा प्रत्येक चौकोन थोडा वेगळा होतो आणि शेवटचा कोपरा कधीच जुळत नाही.

चूक: सांगाडा पिळला तरी कागद लावत सुटणं

चार चौकोनांचा सांगाडा बरोबर मापाने बांधला तरी तो उचलला की पिरगळतो. वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. गाठी घट्ट केल्या तरी फरक पडत नाही, कारण दोष गाठींचा नाहीच. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, पण चौकोन सोडतो, कोपऱ्यात दाबला की तिरपा होतो. या २४ काड्यांच्या आकृतीत आठ त्रिकोण असले तरी सहा चौकोन आहेत, म्हणून ती सगळीच्या सगळी पीळ खात आत मिटू शकते. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकाराला या पिळाचं इतकं कौतुक होतं की त्याने त्याला एका नाचाचं नाव दिलं, 'जिटरबग'. आपल्याला बाल्कनीत नाच नको आहे.

उपाय दोन मिनिटांचा आहे. बाजूच्या प्रत्येक चौकोनात समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोरा ताणून फुली मारायची. २० च्या चौकोनात दोन्ही तिरपे दोरे २८.३ सेंटिमीटरचे झाले म्हणजे चौकोन काटकोनात आला. एक दोरा लांब आणि दुसरा आखूड असेल तर लांब दोरा ओढून घ्या. साधा पांढरा शिवणाचा दोरा चालतो, दिव्यात त्याची सावली जाणवत नाही. काही जण कागदानेच चौकोन धरला जाईल अशा भरवशावर राहतात. धरला जातो, पण ज्या तिरप्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत.

काड्यांबद्दल थोडक्यात. बुरूडाकडच्या कामट्या सगळ्यांत चांगल्या. पुण्यात बुरूड आळी आहे, बाकी गावांत बाजाराच्या मागच्या गल्लीत चौकशी करावी. पण ओल्या कामटीचा सांगाडा बांधू नका. बांबू सुकताना बारीक होतो आणि आज घट्ट असलेली गाठ आठवड्यात सैल पडते. दोन दिवस उन्हात टाका, मग बांधा, प्रत्येक गाठीवर फेविकॉलचा थेंब सोडा. खराट्याच्या काड्या एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात, त्यामुळे कंदील एका अंगाला झुकतो. उदबत्तीच्या काड्यांचा विचारच नको.

चूक: खळ कागदाला लावणं

खळ घरीच करावी. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, एकूण वाटीभर पाणी होईल इतकं वाढवायचं, मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी ते ताकासारखं पांढरं असतं, मग डावाला जड लागू लागतं, आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की गॅस बंद. या झाकेआधी उतरवलेली खळ सुकल्यावर पिठूळ होऊन सुटते. गार झाल्यावर गाळणीतून दाबून काढा, कारण एक गुठळी पतंगी कागद फाडायला पुरते. बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. डबीवर चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी ती चाखून बघतंच. पूर्वी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, किडे लागू नयेत म्हणून. ते विष आहे. बोटं चाटणारी मुलं ज्या घरात आहेत तिथे ते आणूही नये.

आता मुख्य गोष्ट. खळ काडीला लावायची, कागदाला नाही. पतंगी कागद ओला झाला की फुगतो, मऊ पडतो, रंग सोडतो, आणि लाल कागदाचा रंग बोटावरून पिवळ्या कागदावर जातो. काडीवर बोटाने पातळ थर फिरवा, वरून कोरडा कागद ठेवा आणि मधून कडेकडे हलक्या हाताने सारत न्या. कागद चौकटीपेक्षा चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर मोठा कापलेला असावा आणि चारही कोपरे तिरपे छाटलेले असावेत. कोपरे न छाटता कागद काडीवरून आत वळवला की तिथे चुण्यांचा गठ्ठा होतो, आणि दिवा लागल्यावर प्रत्येक कोपऱ्यात काळा डाग दिसतो.

पंखा बंद ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे सांगणं क्रूर आहे, पण पंख्याखाली पहिली कड सुकेपर्यंत तिसरी कड जागेवर आलेली नसते. समोरासमोरची अंगं आळीपाळीने लावा. एकाच बाजूने लावत गेलात तर ओल्या कागदाचा ताण सांगाड्याला त्या बाजूला ओढतो. वरचा आणि खालचा चौकोन मोकळाच ठेवायचा, बल्ब बदलायला आणि गरम हवा जायला.

दुपारी ताठ, सकाळी सैल

ही तक्रार इतक्या घरांत ऐकू येते की तिला चूक म्हणावं की हवामान, हाच प्रश्न. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि पसरतो, ओलावा गेला की आखडतो. कडकडीत दुपारी लावलेला कागद आश्विनातल्या रात्रीच्या दवाने ढिला पडतो. त्यामुळे कागद संध्याकाळी लावावा, हवेत थोडा दमटपणा असताना. तो पुढे आखडून ताठ होतो. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या घरांत हाच घोळ मोठ्या प्रमाणात होतो. हीटरने कोरड्या झालेल्या खोलीत कागद लावायचा आणि बाहेरच्या गार, ओल्या हवेत कंदील टांगायचा म्हटलं की तो सैलावणारच. तिथे कंदील खिडकीच्या आत टांगणं शहाणपणाचं.

आधीच सैल पडला असेल तर स्प्रेच्या बाटलीतून अगदी बारीक तुषार लांबून मारा आणि सावलीत सुकू द्या, कागद पुन्हा ताणला जातो. मात्र आधी एका तुकड्यावर रंग उतरतो का ते बघा. स्वस्तातला जांभळा आणि गर्द गुलाबी बहुतेक उतरतो.

जिलेटीन कागदाला खळ धरतच नाही. त्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लागते. शिवाय हल्ली त्या नावाने मिळतो तो बहुतेक प्लॅस्टिकच असतो, मग घरी बनवण्यात अर्थ काय राहिला?

मुलांना हत्ती हवा असतो, किंवा रॉकेट

सांगाडाच हत्तीचा करायला जाऊ नका. भोंडल्याचा हत्ती अजून पाटावर ताजा असतो, त्यामुळे कल्पना सुचणं साहजिक आहे. पण सोंडेचा बाक कामटीत आणायला सवयीचा हात लागतो. त्याऐवजी कंदील नेहमीचा ठेवा आणि काळ्या घोटीव कागदाचे हत्ती, माशा, कावळे, शेजारचं मांजर, जे मनात येईल ते कापून पतंगी कागदाच्या आतल्या बाजूने चिकटवा. गर्द रंगाच्या कागदामागे ते दिवसा फारसे कळत नाहीत आणि दिवा लागला की एकदम उमटतात. मुलांना याची गंमत शेजाऱ्यांना दाखवण्यात जास्त असते.

यात होणारी चूक म्हणजे चित्राला पाठभर खळ फासणं. जाड कागद आणि पातळ कागद सारखे आखडत नाहीत, म्हणून हत्तीभोवती सुरकुत्या पडतात. तीन-चार ठिकाणी ठिपक्याएवढाच गोंद लावा. आणि चित्र कागदाला टेकलेलंच हवं. दोऱ्याने आत मोकळं लोंबकळत सोडलं तर सावली पुसट होते, हत्तीचा ढग होतो.

सजावटीच्या कागदी करंज्यांची घडी दाबू नका, पोटात फुगीर राहू द्या, त्यातच त्यांची शोभा आहे. शेपट्या कंदिलाच्या उंचीच्या दुपटीहून लांब केल्या की वाऱ्यात एकमेकींत गुंतून तुटतात. कापताना कागदाच्या आठ घड्या घालून एकदम कातरण्याचा मोह होतो, तो टाळा. स्वयंपाकघरातल्या दूध-पिशवीच्या कात्रीने तर नकोच, ती कागद चावते.

दिव्यातल्या चुका

जुना साठ वॅटचा बल्ब अजून कपाटात असेल तर तो तिथेच राहू द्या. असा बल्ब घेतलेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेतच घालवतो आणि पतंगी कागद त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो. पाच ते सात वॅटचा एलईडी भरपूर झाला. पेटती पणती आत ठेवण्याची हौस कागदाच्या कंदिलात करू नये.

बल्ब मधोमध आला पाहिजे. वर राहिला तर खालचे त्रिकोण अंधारात जातात. रंगाचंही बघा: पिवळसर उजेडात लाल, केशरी, पिवळा कागद खुलतो, पण निळा आणि जांभळा मळकट काळा दिसतो. निळा हवाच असेल तर पांढऱ्या उजेडाचा बल्ब घ्या. दुकानात कागद निवडताना मोबाइलच्या टॉर्चपुढे धरून पाहिला तर फसगत होते, कारण टॉर्च पांढरा आणि घरचा बल्ब पिवळा असतो.

कंदील वायरला टांगू नका. वजन सुतळीवर, वायर तिच्या शेजारून सैल. होल्डरच्या वर वायरला एक झोळ खाली सोडा म्हणजे अवेळी सर आली तर पाणी वायरवरून होल्डरमध्ये न उतरता झोळातून खाली गळेल.

उतरवताना

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील माळ्यावर जसाच्या तसा जातो आणि पुढच्या वर्षी कसर लागलेला निघतो. कसरीला आणि झुरळांना खळ आवडते. कागद ओल्या फडक्याने भिजवून काढून टाका, काड्या पुसून सुकवा, वरचा-खालचा चौकोन सोडवा आणि बाकी सांगाडा सपाट घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळा. जोडकाड्यांची वेगळी जुडी करून तिच्यावर माप लिहा.