ईमेलची यादी चाळताना: टर्मिनलवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या हॉटेलवाल्यांची साफसफाई पावसाळ्यात निघते. रंगरंगोटी, एसीची सर्व्हिसिंग आणि त्यातच जुन्या पाहुण्यांच्या ईमेलची यादी, कारण ऑक्टोबरात सीझन लागायच्या आत ऑफर पाठवायची असते. पणजी-पर्वरीकडच्या छोट्या आयटी कंपनीत नवे लागलात, तर 'यातले चालू पत्ते काढून दे' हे काम तुमच्या गळ्यात पडणारच.

सुरुवात पत्त्यांपासून नको, फाइलपासून करा. विंडोजवरच्या एक्सेलमधून आलेल्या सीएसव्हीत प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळ संपल्याची एक जादा खूण, चिकटलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण धडधाकट पत्ताही तपासणीत नापास होतो. लिनक्सवर फाइल दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडला कॅपिटल 'ए'चा पर्याय लावून फाइल बघा. ओळीअखेरच्या डॉलरआधी टोपी (^) आणि 'एम' दिसलं, की अक्षरं बदलणाऱ्या-गाळणाऱ्या 'टीआर' कमांडने ते कॅरेज रिटर्न उडवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग 'ग्रेप', म्हणजे नमुन्यात बसणाऱ्या ओळी निवडणारी कमांड. तिच्यासाठी नेटवरचा वीतभर लांब रेग्युलर एक्स्प्रेशन (असा नमुना) उचलू नका. एकच ॲट, दोन्ही बाजूंना काहीतरी, उजवीकडे किमान एक टिंब आणि कुठेही स्पेस किंवा स्वल्पविराम नाही, एवढं पुरतं. फार कडक नियम लावला तर कुणा डि'सोझाचा ऑफिसचा पत्ता बाहेर फेकला जातो. ॲटच्या आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी चालते, प्लसही चालतं. लांबीची मर्यादा ॲटच्या आधी 64, पूर्ण पत्त्याला 254.

'जीमेल डॉट कॉन' मात्र या चाळणीतून सहज सुटतो. त्याला पकडायला 'डिग', म्हणजे डोमेनची इंटरनेटवरची नोंद विचारणारी कमांड. ॲटनंतरचा भाग, म्हणजे डोमेन, वेगळा काढा, 'सॉर्ट'ने एकसारखे एकत्र करा आणि प्रत्येक डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड (त्याची मेल कुठला सर्व्हर घेतो ती नोंद) एकदाच विचारा. हजारो पत्त्यांची यादी असली तरी डोमेन त्या मानाने थोडीच निघतात. एमएक्स नाही म्हणून लगेच काट मारू नका. अशा वेळी मेल त्या डोमेनच्या ए रेकॉर्डवर, म्हणजे नोंदवलेल्या आयपी पत्त्यावर, जाऊ शकतो. एमएक्सच्या उत्तरात शून्य आणि नुसतं टिंब आलं तर मात्र विषय संपला: आम्ही मेल घेतच नाही, असं डोमेनवाल्यानेच जाहीर केलेलं असतं. 2015च्या आरएफसी 7505 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ही सोय आहे.

पुढची पायरी सगळ्यांना मोह घालते. 25 नंबरच्या पोर्टवर (मेलच्या दारावर) मेल सर्व्हरशी बोलायचं, 'आरसीपीटी टू' या आज्ञेने कुणाला पाठवायचं तो पत्ता द्यायचा आणि मेल न पाठवताच निघून यायचं. उत्तराचा कोड 250 (स्वीकारलं) आला तर ठीक, 550 (नाकारलं) आला तर पत्ता बहुधा नाही. शिकण्यापुरतं स्वतःच्या पत्त्यावर जरूर करून बघा. घरच्या ब्रॉडबँडवरून पोर्ट बंद असण्याची शक्यता धरून चाला. अख्खी यादी अशी ठोठावलीत तर तुमचा आयपी काळ्या यादीत जाईल, आणि हाती येईल तेही भरवशाचं नसेल. काही डोमेन कुठल्याही नावाला 250 म्हणतात. काही सर्व्हर अनोळखी माणसाला आधी 450 (तात्पुरता नकार) देऊन थोड्या वेळाने यायला सांगतात.

म्हणून मी तीन फाइली देतो: बाद, पाठवण्याजोगे आणि न कळलेले. तिसरी फाइल बघून साहेब कपाळाला आठ्या घालतात, घालू देत. ती पुसायची नाही. पहिली मेल लहान तुकड्यांत जाऊ द्या आणि बाउन्स, म्हणजे न पोचता परत आलेल्या मेल, वाचा: 5.1.1 (असा पत्ताच नाही) हा कोड आलेले पत्ते त्याच दिवशी काढा, 4ने सुरू होणारा कोड (तात्पुरती अडचण) आलेले राहू द्या.