विसर्जन मिरवणुकीला कॅमेरा घेऊन निघण्याआधी

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत माणसांचे सहज, नकळत टिपलेले फोटो हवे असतील तर तयारी आषाढातच सुरू करा. मुठा नदीच्या काठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आठवड्यातून एकदा तिथे जा. पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहू द्या. पथकप्रमुखांना भेटा, फोटो काढले तर चालतील का ते विचारा आणि नुसते ऐकत उभे राहा. पुढच्या खेपेला फोटो काढा, त्याच्या पुढच्या खेपेला त्यातल्या चार-पाचांच्या प्रिंट नेऊन द्या. महिनाभरात वादक तुमच्याकडे बघायचे थांबतात. कोणी कमरेला ढोल आवळत असतो, कोणी बोटांना चिकटपट्टी गुंडाळत असते, आणि तुम्ही दोन हातांवर उभे असूनही कोणाची मान वर होत नाही. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर हीच ओळख उपयोगी पडते. लांब लेन्स लावून लपून काढलेल्या फोटोत हा जिव्हाळा मला कधी सापडलेला नाही.

सरावाला जाण्याचं दुसरं कारण कानांचं. कोणता हात, म्हणजे वाजवण्यातली तालाची चाल, कधी बदलतो हे पाठ होऊ द्या. ताशा चढायला लागला की पुढच्या क्षणी सगळी टिपरं, म्हणजे ढोल वाजवायच्या काठ्या, एकदम वर जाणार, हे आधी कळलं तरच बोट वेळेवर दाबलं जातं. डावीकडे थापी, म्हणजे तळहाताचा ठोका, आणि उजवीकडे टिपरू, म्हणजे चेहरा बहुतेक वेळा कुठे झुकतो तेही तिथेच पाहून ठेवा. टिपरू हवेत थिजवायचं तर शटर १/८०० सेकंदाच्या आसपास लागतं. १/३० वर आणलं तर हात विरघळतात आणि चेहरा स्थिर राहू शकतो. पण हे जमवायला दहा-बारा संध्याकाळी द्याव्या लागतात, मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका.

आता जागा. मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते आणि पश्चिमेकडे अलका टॉकीज चौकाकडे सरकते. हा रस्ता आधी एकदा दुपारी चारच्या सुमारास पायी चालून बघाच. मिरवणुकीचं तोंड मावळतीकडे असतं, त्यामुळे पुढे उभं राहिलात तर ऊन वादकांच्या चेहऱ्यावर येतं. मागे गेलात तर तेच ऊन गुलालात आणि धुळीत पेटतं. जिथे इमारतींची सावली लवकर पडते त्या जागा टिपून ठेवा. मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, क्रमाने निघतात. पहिले दोन पालखीतून येतात, म्हणून तिथे माणसं मूर्तीच्या अगदी जवळ दिसतात. अलका चौकात लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक असे चारही रस्ते येऊन मिळतात. तिथली गर्दी पहाटे दमलेली असते आणि दमलेले चेहरे फार खरे असतात. खांद्यावर डोकं टाकून झोपलेलं पोर, फुटपाथवर बसून चहा पिणारे पोलीस, दोर धरून बारा तास चालल्यावर तळवे चोळणारा कार्यकर्ता, यांच्यासाठी ताकद राखून ठेवा.

सामान कमी ठेवा. ३५ मिमीची एक लेन्स आणि जमलं तर ८५ ची एक पुरे. रस्त्यात लेन्स बदलू नका, गुलाल सेन्सरवर बसतो. पुढे साधा फिल्टर लावा आणि धूळ आधी फुंकणीने उडवा; फडक्याने पुसली तर काचेवर ओरखडे येतात. भाद्रपदातली सर सांगून येत नाही, म्हणून दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड खिशात असू द्या. तीन बॅटऱ्या, दोन कार्ड, पाणी, बंद बूट. कानात फोमचे बोळे घाला, ढोलांसमोर तासन्‌तास उभं राहणं कानांना झेपत नाही. रात्री एलईडी रोषणाईत फोटोवर पट्टे आले तर शटर १/१०० किंवा त्याहून हळू ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. लेझरची किरणं मात्र थेट लेन्समध्ये घेऊ नका, सेन्सर कायमचा जळू शकतो. गाडी घरीच ठेवा, रस्ते बंद असतात. २०२४ पासून भुयारी मेट्रोने थेट मंडईला उतरता येतं. गर्दीत फोन लागत नाही, तेव्हा सोबत्याशी भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा.

आणि काय काढायचं नाही, हेही घरून ठरवून निघा. दोराच्या आत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. पथकाची ओळ अडली तर मागची सगळी मिरवणूक खोळंबते. एका वर्षी मी चांगल्या कोनासाठी ध्वजाच्या अगदी खाली गेलो आणि ध्वज नाचवणाऱ्या मुलीला मध्येच थांबावं लागलं. तो फोटो मी पुसला. खालच्या कोनातून वादक मुलींचे फोटो नकोत, घेरी येऊन बसलेल्या माणसाचे नकोत, आणि लहान मुलांचे चेहरे आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. नंतर विचारता यावं म्हणून खिशात एक छोटी वही ठेवा, तिच्यात पथकाचं नाव, चौक आणि वेळ लिहीत चला.

घरी आल्यावर कितीही झोप आली तरी कार्ड दोन ठिकाणी उतरवूनच आडवे व्हा. नवरात्र बसायच्या आत प्रिंट काढा आणि वही बघून ज्यांच्या त्यांच्या हातात नेऊन द्या.