उपासमारीची तक्रार: पुरावा टिकावा म्हणून केलेला बदल

उपाशी ठेवलेल्या कुत्र्यांच्या तक्रारी आमच्या प्राणीरक्षण संस्थेकडे येत, पण "जनावर फार खंगलंय" एवढ्या शेऱ्यावर प्रकरण उभं राहत नसे. मालक म्हणतो, आजारी आहे, खातच नाही. त्याला उत्तर आकड्यांतूनच द्यावं लागतं.

आता पहिल्या भेटीतच १ ते ९ च्या मोजपट्टीवर शरीरस्थितीचा अंक लिहितो. १ म्हणजे अगदी खंगलेलं, ९ म्हणजे अतिलठ्ठ, ४-५ म्हणजे योग्य. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवत नाही. दाट केसांखाली बरगड्या लपतात, म्हणून बोटांनी बरगड्या, मणके, कमरेची हाडं चाचपायची. फोटो वरून आणि बाजूने. पाण्याचं भांडं आहे तसं टिपायचं, तळाच्या शेवाळासकट. साखळीची लांबी मोजायची. गळपट्टा मांसात रुतलेला असेल तर ओढू नका, तो पशुवैद्यच काढेल.

कायदेशीर ताबा मिळाल्यावर कीव येऊन पोटभर खाऊ घालणं सर्वांत घातक! रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम एकदम घसरतं, हृदय बंद पडू शकतं. आधी रक्ततपासणी. सध्या १० किलो भरणाऱ्या कुत्र्याची विश्रांतीतली गरज सुमारे ४०० किलोकॅलरी. पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा, चार वेळांत विभागून. मग पशुवैद्याच्या सल्ल्याने काही दिवसांत हळूहळू पूर्ण.

वजन रोज, एकाच काट्यावर. नुसत्या खाण्याने वजन चढत गेलं, की "खातच नाही" हा बचाव मोडतो. मात्र जंत किंवा दुसरा आजार कारणीभूत नाही, असा पशुवैद्याचा लेखी अहवाल सोबत हवाच.