जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरची बॅटरी टिकत नाही? नवी घेण्याआधी या चुका टाळा

वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घरी आणून वीज जोडली की सगळं व्यवस्थित चालतं. दिवे लख्ख, पंप जोरात, पंखा गरगर. मग बाहेरची वीज नसलेल्या ठिकाणी पहिला मुक्काम पडतो. रात्री दिवे मंदावतात, पाण्याचा पंप रडतखडत चालतो आणि पहाटे हीटरचा पंखा सुरू होता होता बंद पडतो. बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात की बॅटरी गेली. नवी आणतात, थोडे दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बॅटरी खरंच गेलेली असू शकते. पण ती का गेली हे शोधलंच नाही, तर नवीचीही तीच गत होणार. अर्धवट चार्जिंग, गंजलेली जोडणी, रात्रंदिवस वीज ओढणारं एखादं छोटं उपकरण, आधीच्या मालकाने घाईत मारलेला जोड, यांपैकी काहीतरी मागे असतंच. म्हणून आधी मोजायचं, मग पैसे घालायचे. त्यासाठी साधा डिजिटल मल्टीमीटर, वायर ब्रश आणि आकडे लिहायला एक वही एवढं पुरतं.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. ट्रेलरमध्ये दोन वेगळ्या वीजव्यवस्था असतात. दिवे, पंप, हीटरचा पंखा, फ्रिजचं कंट्रोल बोर्ड, गॅस डिटेक्टर हे सगळं १२ व्होल्ट डीसीवर चालतं. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे प्लग बाहेरून येणाऱ्या एसी विजेवर चालतात. अमेरिका-कॅनडात ती १२० व्होल्ट असते, युरोपात २३०. या दोन्हींच्या मधे कन्व्हर्टर बसतो. बाहेरची वीज असताना तोच १२ व्होल्टचा सगळा भार उचलतो आणि बॅटरीही चार्ज करतो. त्यामुळे वीज जोडलेली असताना दिवे छान लागले, यावरून बॅटरीबद्दल काहीही कळत नाही.

चार्जर काढल्या काढल्या बॅटरी मोजणं

चार्जिंग थांबवल्यावर लगेच मीटर लावला तर १३ च्या आसपास आकडा दिसतो आणि बॅटरी ठणठणीत वाटते. तो आकडा वरवरचा असतो. निगेटिव्ह वायर काढून बॅटरी काही तास, शक्य असेल तर रात्रभर, तशीच ठेवा आणि मग मोजा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी, आणि १२ च्या खाली गेली असेल तर बऱ्यापैकी रिकामी समजायची. रात्रभर चार्ज करूनही ती १०.५ च्या आसपासच अडकली असेल, तर सहापैकी एक सेल मेलेला आहे. तिथे मात्र बॅटरी बदलण्याला पर्याय नाही.

आकडा चांगला आला तरी लोड देऊन बघाच. हीटरचा पंखा आणि दोन-चार दिवे चालू करा. १०० अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चांगल्या बॅटरीने एवढा भार १२ व्होल्टच्या वर राहून सहज पेलायला हवा. काही मिनिटांतच ती ११.५ च्या खाली घसरली तर तिची क्षमता संपली आहे. बॅटरीवरचं लेबलही वाचा. तिथे अँपिअर-अवर लिहिलेलेच नाहीत, फक्त इंजिन चालू करण्याची ताकद लिहिली आहे, तर ती गाडीच्या स्टार्टरची बॅटरी आहे आणि सावकाश, खोलवर वापरायला ती बनलेलीच नाही. आणि डीप सायकल लेड-ॲसिड असली तरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे १०० पैकी ५०च आपले, असाच हिशेब धरायचा.

लोड न देता वायर तपासणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण इथे मीटर खोटं न बोलताही फसवतो. वायरच्या आत एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२.६ दाखवेल. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे खराब जोडातून व्होल्टेज पडायला कारणच नसतं. पंप सुरू झाला, १० अँपिअर वाहायला लागले, की मग तो जोड उघडा पडतो.

पद्धत अशी. बाहेरची वीज काढा. एवढा लोड सलग राहायला हवा, म्हणून एक नळ उघडा ठेवून पंप चालू ठेवा, किंवा हीटरचा पंखा लावा. आता मीटरची टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर टेकवा, क्लॅम्पवर नाही. समजा १२.४ आले. मग आत फ्यूज बॉक्सवर मोजा. तिथे ११.३ आले तर वाटेत १.१ व्होल्ट गेले. कुठल्या बाजूला गेले हे शोधायला लांब वायरचा एक तुकडा घेऊन मीटरचं एक टोक वाढवून घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज बॉक्सच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजा, ०.१ आले तर ती बाजू ठीक. आता निगेटिव्ह टर्मिनलपासून फ्यूज बॉक्सच्या निगेटिव्ह पट्टीपर्यंत मोजा. १.० आले? मग गुन्हा इथे आहे. आता एकेक टप्पा पुढे सरका: टर्मिनल ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), लग ते बोल्ट, बोल्ट ते चासीचं, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याचं, उघडं लोखंड. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो, तोच जोड खराब.

जुन्या ट्रेलरमध्ये तो बहुधा चासीवरचाच निघतो. बऱ्याच ट्रेलरमध्ये परतीचा करंट चासीतून येतो आणि ती जोडणी ट्रेलर गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर, बॅटरीच्या अगदी खाली, एका साध्या स्क्रूवर असते. वरून ॲसिडची वाफ, खालून रस्त्याचं पाणी, थंड प्रदेशात बर्फासाठी टाकलेलं मीठ. स्क्रू बाहेरून घट्ट दिसतो, पण आत गंजाचा थर धरलेला असतो. वर कुणीतरी रंगही मारलेला असतो. स्क्रू काढा, लोखंड चकाकेपर्यंत घासा, नवा लग क्रिंप करा (पक्कडीने वायरवर दाबून बसवा), दातेरी वॉशर घालून नट-बोल्टने आवळा आणि सगळं बसल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा. १० अँपिअरला १ व्होल्ट पडत असेल, तर त्या एवढ्याशा जोडात १० वॉट उष्णता तयार होत असते. म्हणजे दिवे मंद होण्याबरोबर आगीचाही धोका आहे.

त्याच दांड्यावर, पॉझिटिव्ह वायरच्या वाटेत, दोन स्टडची छोटी डबी असते. तो आपोआप रीसेट होणारा ब्रेकर. रबराच्या टोपीखाली तो कुजून गेलेला असतो आणि कुणाचं लक्षही जात नाही. एका स्टडवर १२.६ आणि दुसऱ्यावर शून्य असेल तर तोच दोषी. बदलताना तितक्याच अँपिअरचा घ्या.

काळी वायर म्हणजे निगेटिव्ह, असं धरून चालणं

गाडीच्या बॅटरीची सवय असलेला माणूस काळी वायर डोळे मिटून निगेटिव्हला लावतो. अमेरिका-कॅनडात बनलेल्या ट्रेलरमध्ये मात्र १२ व्होल्टची काळी वायर साधारणपणे पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. उलट जोडलं की ठिणगी उडते आणि कन्व्हर्टरच्या बोर्डावरचे रिव्हर्स पोलॅरिटी फ्यूज उडतात. सहसा ते दोन असतात, ३० किंवा ४० अँपिअरचे, बाकीच्या फ्यूजपासून जरा बाजूला.

यानंतरची लक्षणं दिशाभूल करणारी असतात. बाहेरची वीज जोडली की सगळं चालतं, काढली की सगळं ठप्प, आणि बॅटरी कधीच चार्ज होत नाही. याला हमखास बॅटरी मेल्याचं निदान होतं. प्रत्यक्षात बॅटरी आणि ट्रेलर यांच्यातला संबंधच तुटलेला असतो.

आधीच्या मालकाने वायरी बदललेल्या असू शकतात, त्यामुळे रंगावर विसंबू नका. बाहेरची वीज काढा, सोलर असेल तर तेही तोडा, आतली सगळी उपकरणं बंद करा, दोन्ही वायरी बॅटरीपासून सोडवा आणि मीटरच्या कंटिन्युइटीवर (वाट अखंड आहे का ते दाखवणारी सेटिंग) चासीच्या उघड्या लोखंडाशी तपासा. जिच्यावर मीटर जवळपास शून्य ओहम दाखवेल ती निगेटिव्ह. वायरी काढण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येकीला चिठ्ठी लावा. पुढच्या दांड्यावर ब्रेकच्या, जॅकच्या, सोलरच्या अशा पाच-सहा वायरी सहज निघतात. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चासीला टेकला तरी मग शॉर्ट होत नाही.

६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर त्या सिरीजमध्येच (एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला) जोडायच्या, हेही इथेच तपासून घ्या.

कन्व्हर्टर चार्ज करतोय, असं गृहीत धरणं

बॅटरी मोजा, बाहेरची वीज जोडा, पुन्हा मोजा. १२.४ चे १३.२ ते १४.४ च्या दरम्यान काहीतरी झाले तर चार्जिंग पोहोचतंय. आकडा हललाच नाही तर कन्व्हर्टरच्या आउटपुटवर मोजा. तिथे १३.६ आणि बॅटरीवर १२.४ असेल तर कन्व्हर्टर ठीक आहे, वाट तुटली आहे: वर सांगितलेले फ्यूज, तो ब्रेकर, किंवा चक्क बंद ठेवलेला बॅटरी डिस्कनेक्ट स्विच. कित्येक जण तो स्विच बंद करून ट्रेलर महिनोन्महिने वीज जोडून उभा करतात आणि बॅटरी चार्ज होत असेल या भरवशावर राहतात. अनेक ट्रेलरमध्ये स्विच बंद असला की चार्जिंगही बंद होतं.

जुने एकाच टप्प्याचे कन्व्हर्टर बॅटरी भरल्यावरही व्होल्टेज कमी करत नाहीत आणि तिचं पाणी उकळवून संपवतात. असा कन्व्हर्टर असेल तर पाण्याची पातळी वरचेवर बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्जिंग झाल्यावर. प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतपत आधी घाला.

सगळं बंद केलं म्हणजे करंट थांबला, असं समजणं

दिवे बंद असले तरी गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, फ्रिजचं बोर्ड चालूच असतात. ०.१ अँपिअर म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-अवर, तीन आठवड्यांत आपले ते ५० संपले. मोजायचं असेल तर मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन निगेटिव्ह वायरच्या मधे सिरीजमध्ये जोडा आणि एकेक फ्यूज काढत कुठे आकडा खाली येतो ते बघा. या काळात पंप किंवा विजेवरचा जॅक चालवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. गॅसवर चालणारा फ्रिज चुकून डीसीवर राहिला आहे का, तेही पाहा. त्या मोडमध्ये तो एका रात्रीत बॅटरी रिकामी करतो.

ब्रेकअवे स्विचबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. ट्रेलर गाडीपासून सुटला तर याची पिन ओढली जाते आणि ट्रेलरचे विजेचे ब्रेक बॅटरीवर लागतात. पिन नीट बसलेली नसेल तर प्रत्येक चाकाचा मॅग्नेट सुमारे ३ अँपिअर ओढत राहतो. चार चाकांचे १२. बॅटरी चार-पाच तासांत उतरते आणि कारण कुणाला सापडत नाही. उलट बाजूने, हा स्विच डिस्कनेक्ट स्विचच्या पलीकडे जोडलेला असेल, तर डिस्कनेक्ट स्विच बंद करून रस्त्यावर निघालात की आणीबाणीचा ब्रेकच उरत नाही. तो थेट बॅटरीशी जोडलेला आहे याची खात्री करा. पिन ओढून तपासताना ट्रेलरचा प्लग गाडीतून आधी काढा, नाहीतर ट्रेलरचे ब्रेक चालवणारा गाडीतला ब्रेक कंट्रोलर खराब होऊ शकतो.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणं

फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. १४ गेजच्या (आकडा मोठा तितकी वायर बारीक) वायरीला १५ अँपिअर, १२ गेजला २०, १० गेजला ३०. १५ च्या जागी ३० चा दिसला तर समजा की आधीच्या मालकाला दोष सापडला नव्हता. वायर कुठे चेपली, घासली किंवा उंदराने कुरतडली ते शोधा. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असेल तर दर वेळी वाकणाऱ्या वायरी आधी बघा. नुसत्या पिळून टेप मारलेल्या जोडांवर विश्वास ठेवू नका. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सैल होतातच. योग्य मापाचा क्रिंप आणि वर गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी, हाच टिकणारा जोड. आणि बॅटरीला थेट लावलेल्या प्रत्येक इन्व्हर्टरच्या किंवा सोलरच्या पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ९०-१०० अँपिअर ओढतो.

फक्त बॅटरी बदलून लिथियमवर जाणं

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्टचं चार्जिंग लागतं. जुना कन्व्हर्टर १३.६ च्या पुढे जात नसेल तर ती पूर्ण भरायला फार वेळ घेते किंवा भरतच नाही. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करायची नाही. शिवाय तिचं व्होल्टेज बराच काळ १३.२-१३.३ ला स्थिर राहतं, त्यामुळे भिंतीवरचं जुनं चार दिव्यांचं इंडिकेटर शेवटपर्यंत 'फुल' दाखवू शकतं. तिच्यासाठी शंट असलेला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, मॉनिटर घ्या.

गाडी चालवताना बॅटरी भरेल या आशेवरही फार राहू नका. गाडीच्या प्लगमधून येणारी चार्जिंगची वायर बारीक आणि लांब असते, आणि काही गाड्यांत तिचा फ्यूज किंवा रिले कंपनीने बसवलेलाच नसतो.

एसी विजेच्या बॉक्सचं झाकण त्याच हिमतीने उघडणं

अनेक ट्रेलरमध्ये १२ व्होल्टचे फ्यूज आणि एसी विजेचे ब्रेकर एकाच बॉक्समध्ये शेजारी-शेजारी असतात. पुढची पट्टी उघडून फ्यूज बदलणं वेगळं आणि झाकण काढून आत हात घालणं वेगळं. झाकण काढण्याआधी बाहेरचा प्लग काढा, जनरेटर बंद करा, इन्व्हर्टर बंद करा आणि मीटरने खात्री करा. ट्रेलरच्या पत्र्याला, पायरीला किंवा दाराच्या कडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग तुटलेलं आहे किंवा कुठेतरी वीज बॉडीत उतरते आहे. ताबडतोब ज्या प्लगपॉइंटमधून वीज घेतली त्याचा ब्रेकर पाडून केबल काढा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि दोष सापडेपर्यंत बाहेरची वीज पुन्हा जोडू नका.