घरच्या पडद्यासाठी डिस्क निवडताना: डीव्हीडी, ब्लू-रे की फोर-के?

घरी चित्रपट उत्तम दर्जात पाहायचा असेल तर आजही डिस्कला तोड नाही, असे माझे ठाम मत आहे. अडचण येते ती निवडीची. एकच चित्रपट डीव्हीडी, ब्लू-रे आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजे बोलीभाषेतील फोर-के डिस्क, अशा तीन रूपांत विक्रीला असतो. जुन्या मालात शोधाशोध केली तर एचडी डीव्हीडी हे चौथे रूपही हाती लागते. यांपैकी काय घ्यावे हे वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यावरून ठरवू नये. आपला टीव्ही, आपण त्याच्यापासून किती दूर बसतो ते अंतर आणि आपल्याला जपून ठेवावेसे वाटणारे चित्रपट, यांचा विचार आधी करावा आणि प्लेअर त्यानंतर निवडावा.

एचडी डीव्हीडीचा प्रश्न प्रथम निकालात काढू. तोशिबाने पुढे आणलेली एचडी डीव्हीडी आणि सोनीसह अनेक कंपन्यांनी उचलून धरलेले ब्लू-रे हे दोन्ही प्रकार २००६ साली काही महिन्यांच्या अंतराने बाजारात आले. दोन्हींचा लेसर एकाच जातीचा, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर जांभळा होता. फरक होता तो माहितीचा थर किती खोल आहे यात. एचडी डीव्हीडीने हा थर डीव्हीडीसारखाच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत ठेवला, तर ब्लू-रेने तो ०.१ मिलिमीटरवर आणून लेसरचा झोत अधिक बारीक केला आणि एका थरात १५ ऐवजी २५ जीबी माहिती बसवली. मात्र या चुरशीचा निकाल तंत्रापेक्षा चित्रपट कंपन्यांनी लावला. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने यापुढे केवळ ब्लू-रेच काढण्याचे जाहीर केले आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार घेतली. त्यामुळे लालसर डबीतील एचडी डीव्हीडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये, कारण नेहमीचा ब्लू-रे प्लेअर ती वाचत नाही. ज्यांच्याकडे असा संग्रह आधीपासून आहे त्यांनी जुना प्लेअर सांभाळावा आणि आवडते चित्रपट हळूहळू ब्लू-रेवर घ्यावेत.

आता खरी निवड उरते ती ब्लू-रे आणि फोर-के यांच्यात. डीव्हीडीचे चित्र प्रकारानुसार ७२० बाय ४८० किंवा ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते आणि मोठ्या पडद्यावर ते उघडपणे मऊ दिसते. म्हणून जो चित्रपट अन्य कोणत्याही डिस्कवर निघालेलाच नाही, त्याच्यापुरतीच डीव्हीडी घ्यावी. ब्लू-रेचे चित्र १९२० बाय १०८० आणि फोर-केचे ३८४० बाय २१६० बिंदूंचे असते, म्हणजे बिंदू चौपट होतात. हे चौपट बिंदू डोळ्यांना दिसतात का, हे बसण्याच्या अंतरावर अवलंबून आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. या हिशेबाने ५५ इंची टीव्हीवर ब्लू-रेचे बिंदू सुमारे २.२ मीटरच्या आत बसल्यावरच अपुरे पडू लागतात. त्याहून दूर बसणाऱ्याला केवळ बिंदूंमुळे फारसा लाभ होत नाही. फीत घेऊन सोफ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर एकदा मोजावे. निम्मा निर्णय तिथेच होतो.

उरलेला निम्मा निर्णय माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे आणि तो प्रकाशाचा व रंगाचा आहे. ब्लू-रेवर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, फोर-के डिस्कवर १०२४. शिवाय फोर-के डिस्कवर बहुधा एचडीआर असते, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद सावली यांमधील अंतर बरेच वाढलेले असते. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा: अंधाऱ्या खोलीत एकच मेणबत्ती आहे आणि मागच्या भिंतीवर उजेड विरळ होत गेला आहे. डीव्हीडीवर त्या भिंतीवर उजेडाची वर्तुळे एकात एक आखल्यासारखी दिसतात. चांगल्या ब्लू-रेवर ती जवळजवळ नाहीशी होतात, तरी ज्योत आणि तिच्याभोवतीचे वलय मिळून एकच पांढरा ठिपका होऊ शकतो. फोर-के डिस्कवर, टीव्ही त्या तोडीचा असेल तर, ज्योतीच्या आतला पिवळा गाभा, कडेची नारिंगी छटा आणि भिंतीवर विरत जाणारा उजेड हे सारे वेगवेगळे दिसते. हा फरक चार मीटरवरूनही जाणवतो.

मात्र ‘टीव्ही त्या तोडीचा असेल तर’ ही अट गांभीर्याने घ्यावी. एचडीआर डिस्कचे चित्र अनेकदा १००० निट (निट हे पडद्याच्या तेजाचे माप), काही वेळा ४००० निट तेजाच्या पडद्यावर तयार केलेले असते. ज्या टीव्हीचे कमाल तेज ३०० निटच्या आसपास आहे तो खोक्यावर एचडीआरचे चिन्ह मिरवत असला तरी त्याला ते सारे तेज दाबून बसवावे लागते आणि चित्र काळवंडलेले दिसू शकते. अशा टीव्हीवर त्याच चित्रपटाची साधी ब्लू-रे अधिक सुखद वाटणे अगदी शक्य आहे. टीव्हीच्या स्वतंत्र परीक्षणांत मोजलेले तेज दिलेले असते, ते पाहूनच ठरवावे. ज्यात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो अशा ओलेड पडद्याचे तेज तुलनेने कमी असले तरी त्याचा काळा रंग खरोखर काळा असतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत तोही एचडीआरला न्याय देतो. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रगत प्रकाराची फार चिंता करू नये: ती सोय असलेल्या डिस्कवर एचडीआर-१० हा एचडीआरचा सर्वसाधारण प्रकार पाया म्हणून असतोच, त्यामुळे डॉल्बी व्हिजन नसलेल्या टीव्हीवरही डिस्क चालते.

यानंतर चित्रपटांचा विचार. डिस्क फोर-के असली म्हणून चित्रपट फोर-केमध्ये घडवलेला असतोच असे नाही. २००० नंतरच्या असंख्य चित्रपटांचे अंतिम संस्करण दोन-के, म्हणजे साधारण ब्लू-रेइतक्याच बिंदूंच्या, दर्जात झाले आणि नंतर ते ताणून फोर-के डिस्कवर आणले गेले. अशा डिस्कवर रंग व उजेड सुधारतात, पण तपशील फारसा वाढत नाही. याउलट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला जुना चित्रपट मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केलेला असेल तर फोर-के डिस्क थक्क करते. फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रात दिसणारे फिल्मचे बारीक कण, ही चूक नव्हे. तो पुसून टाकला की चेहऱ्यांवरील त्वचेचा पोतही पुसला जातो. म्हणून विकत घेण्यापूर्वी त्या विशिष्ट आवृत्तीचे परीक्षण अवश्य वाचावे. उत्तम स्कॅनवरून काढलेली ब्लू-रे ही घिसाडघाईने काढलेल्या फोर-के डिस्कपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

प्लेअर निवडताना मात्र माझा कल निःसंशय फोर-के प्लेअरकडे आहे, टीव्ही आज साधा असला तरीही. फोर-के प्लेअर ब्लू-रे आणि डीव्हीडी दोन्ही चालवतो. ब्लू-रे प्लेअर फोर-के डिस्क चालवत नाही. त्यात ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नवे प्लेअर काढणे थांबवले, त्यामुळे पर्याय आधीच आटले आहेत. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घरात असेल तर वेगळा प्लेअर न घेताही सुरुवात करता येते. प्लेस्टेशन ४ प्रो मात्र फोर-के डिस्क चालवत नाही, हे अनेकांना खरेदीनंतर कळते.

जोडणी नीट झाली नाही तर हा सारा खर्च वाया जातो. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेत एचडीसीपी २.२ ही नक्कल रोखणारी सुरक्षा-प्रणाली चालते तिथेच प्लेअर जोडावा, केबल सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी, प्रमाणित असावी आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या खाचेसाठी वाढीव सिग्नलची सोय चालू करावी, कारण बऱ्याच टीव्हींवर ती मुळात बंद असते. आवाजासाठी वेगळी यंत्रणा असेल तर लक्षात घ्यावे की डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे आवाजाचे पूर्ण दर्जाचे प्रकार साध्या ब्लू-रेवरही मिळतात. केवळ आवाजासाठी फोर-के घेण्याची गरज नाही. मात्र टीव्हीमार्गे हा आवाज न्यायचा असेल तर एआरसी ही टीव्हीतून आवाज बाहेर नेणारी जुनी एचडीएमआय सोय पुरत नाही, तिची सुधारित आवृत्ती ई-एआरसी लागते.

परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांनी रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी काढली आहे ते, पाहावा. ब्लू-रेचे ए, बी आणि सी असे तीन रीजन आहेत आणि प्लेअरशी न जुळणारी डिस्क चालत नाही. फोर-के डिस्कला रीजनचे बंधन नाही, पण तिच्यासोबत त्याच डबीत येणाऱ्या ब्लू-रेला ते असू शकते. थ्रीडीची आवड असेल तर साध्या ब्लू-रेकडेच वळावे लागेल, कारण फोर-के डिस्कच्या मानकात थ्रीडी नाही.

डिस्क घरी आल्यावर ती दिव्याखाली तिरकी धरून तपासावी. माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ असल्याने १०० जीबीच्या तीन थरांच्या डिस्कवर बोटाचा तेलकट ठसासुद्धा चित्र अडकवू शकतो. मऊ मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोलाकार पुसू नये. त्यानंतर परतीची मुदत संपण्यापूर्वी चित्रपट एकदा शेवटपर्यंत लावून पाहावा, आणि कुठे अडकलाच तर डिस्क परत करण्याआधी प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून तोच प्रसंग पुन्हा लावून पाहावा.