बॅगेवर ठोसा मारला की मनगट दुखतं? या चुका टाळा

हवेत मारलेला ठोसा कुणाचाही चांगलाच दिसतो. कराटेच्या क्लासमध्ये मी वर्षभर ‘इच, नी, सान’च्या तालावर त्सुकी, म्हणजे सरळ ठोसे मारले, सरांची शाबासकीही मिळवली. मग पहिल्यांदा हेवी बॅगेसमोर, म्हणजे ठोशांच्या सरावासाठी टांगलेल्या जड बॅगेसमोर उभा राहिलो आणि तिसऱ्याच ठोशाला मनगट आत दुमडलं. पुढचे दोन आठवडे पोळीचा तुकडा डाव्या हाताने मोडत होतो.

ताकद कमी पडली नव्हती, मूठ खाली झुकली होती. घरी तपासायला शाळेतली पट्टी पुरते. मूठ वळा आणि पट्टी हाताच्या पाठीवरून कोपराकडे ठेवा. मनगटापाशी मोठी फट दिसली किंवा पट्टी उचलली गेली, तर बॅगेवर तिथेच घडी पडणार. मग भिंतीला मूठ टेकवून हळूहळू अंगाचं वजन टाका. मनगट हलू लागलं की थांबा, कोन सुधारा, पुन्हा टाका. कंटाळवाणं आहे, पण बॅगेवरच्या शंभर ठोशांपेक्षा मला यानेच जास्त शिकवलं.

दुसरी चूक डावी-उजवीकडची. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसायला हवा. कराटेत यालाच सेइकेन म्हणतात. का, ते स्वतःच बघा. मूठ सैल वळा आणि दुसऱ्या हाताने करंगळीची गाठ दाबा: ती मागे-पुढे हलते. मधल्या बोटाची जवळपास हलत नाही, कारण तिच्यामागचं हाड मनगटाला घट्ट बांधलेलं असतं. करंगळीमागचं हाड मोडलं की डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. नाव बॉक्सरचं, पण रागाच्या भरात भिंतीवर बुक्की मारणाऱ्यांनाही ते हमखास होतं. बॅगेवर हलके ठोसे मारून झाले की मूठ बघा. करंगळीकडची कातडी लाल झाली असेल, तर कोपर बाहेर फेकलं जातंय का ते आधी पाहा. ते बरगडीला घासत पुढे जायला हवं.

विंग चुन या चिनी कुंग फू प्रकारातले लोक उभ्या मुठीने खालच्या तीन गाठींवर मारतात, तेही बरोबरच. त्यांची कोपराची रेषाच वेगळी आहे. व्हिडिओ बघून दोन्हीची खिचडी करू नका.

अंगठा मुठीच्या आत कधीच नाही. तो बाहेरून, पहिल्या दोन बोटांच्या मधल्या पेरांवर आडवा. हवेत मारताना कोपर पूर्ण ताणून झटका देऊ नका, किंचित आधी थांबवा.

हँडरॅप (हाताला-मनगटाला गुंडाळायची कापडी पट्टी) बांधला म्हणजे झालं, असंही नाही. तो मनगटाला आधार देतो, वाकडा कोन सरळ करत नाही.

आणि एखादी गाठ खाली बसल्यासारखी दिसली, किंवा मूठ वळताना करंगळी शेजारच्या बोटावर चढू लागली, तर कुणाकडूनही चोळून घेण्याआधी एक्स-रे काढा.